घंटेच्या तोंडातला बोळा

अणूची वीज नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. समुद्राकाठच्या वीजघरात भट्टीला थंड पाणी पाजणारा एक मोठा पंप होता. तो थरथरला की वाजायचं, एवढंच भिंतीवरच्या घंटेचं काम.

पंपाचं बेअरिंग झिजलं आणि घंटा सारखी वाजू लागली.

"गप्प बस गं," पंप कण्हला. "वीजघर बंद पडलं तर शिव्या मला बसतील."

"तुझं दुखणं मी नाही तर कोण सांगणार?"

फोरमन पागधरे शिडीवर चढले. घंटेला वाटलं, आता पंप उघडतील. त्यांनी चिंधीचा बोळा तिच्या तोंडात कोंबला. "झाली दुरुस्त," ते म्हणाले.

काही दिवसांत पंप जळाला. राखीव पंप चालू झाला म्हणून गाव वाचलं. चौकशीचे साहेब येण्याआधी पागधऱ्यांनी बोळा काढून खिशात घातला.

"घंटा का वाजली नाही?"

"नादुरुस्त होती, साहेब."

पंपाला नवं बेअरिंग मिळालं. भिंतीवर नवी घंटा आली. जुनी भंगाराच्या हातगाडीत पडली होती, तिथून तिला नवीचा आवाज ऐकू आला, "आधीचीला का काढलं?"

"वेळेला वाजली नाही," पंप म्हणाला.

जुनीचं तोंड आता मोकळं होतं, पण तार तोडलेली होती.