चुकून लागलेला हात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा घड्याळं नव्हती. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला भोक पाडलेली वाटी सोडायची, आणि ती बुडाली की वेळ संपली म्हणायचं. गोष्ट तशी मोठ्यांसाठी आहे. लहानांना ती आधीपासून ठाऊक असते.

एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती. एक अलीकडचं, एक पलीकडचं. दरसाल सुगी उरकली की दोन्ही गावांतल्या पोरापोरींचा खो-खोचा सामना व्हायचा. जिंकणाऱ्या गावाला काशाची एक घंटा मिळायची. वर्षभर ती त्या गावच्या चावडीवर टांगलेली असे. रोज सकाळी तिचे टोल पडत आणि हरलेल्या गावाला ते ऐकतच उठावं लागे.

बारा वर्षं ती घंटा अलीकडच्या गावात होती, आणि याचं सगळं श्रेय गाव एकाच माणसाला देई. तो म्हणजे पोरांना खेळ शिकवणारा वस्ताद. पांढऱ्या मिशा, डोक्याला तांबडा फेटा, हातात वेताची छडी. छडी त्याने कधी कुणाला मारली नाही, पण ती हलली की पोरं पळत. घंटा दुसऱ्या काठाला गेलेली पाहण्याआधी आपले डोळे मिटावेत, असं तो चारचौघांत बोलून दाखवी.

खो-खो तुम्हाला माहीतच आहे. आठ गडी रांगेत उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पळणाऱ्याच्या मागे धावतो. त्याला रांग ओलांडता येत नाही. पळणारा रांगेतून पलीकडे निसटला, की तिकडे तोंड करून बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायचं. तो उठून धावतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो.

आता अलीकडच्या गावात त्या वयाची पोरं मोजून नऊ. त्यातली सहा वाऱ्यासारखी पळत. उरलेली तीन जेमतेम होती. वस्ताद त्यांना तोंडावर लिंबूटिंबू म्हणायचा. रांग भरायला ती लागत, म्हणून त्यांना घ्यायचं. पण सहा जणांना त्याची सक्त ताकीद होती, की खो आपसांतच द्यायचा. पळायची पाळी आली की लिंबूटिंबू सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांची पाळी येईपर्यंत वाटी बुडालेली असे. तीन वर्षं असं चाललं आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला विचाराल तर या गोष्टीतली धक्का बसण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

त्या तिघांत एक होती धुरपी. नीट खांदे पाडून बसायची, कधी तक्रार नाही. पहिल्या वर्षी एकदा येसू तिच्या मागून धावत गेली. येसू म्हणजे सहांतली सगळ्यात चपळ पोरगी. तिचा हात धुरपीच्या पाठीला लागला, त्याच क्षणी पुढच्या गड्यासाठी ‘खो’ असा आवाज आला, आणि धुरपी हरखून उठली. एकदम दोघं उठले, सगळा डाव विस्कटला. वस्तादने सगळ्यांसमोर तिला झापलं.

“अगं, हात लागला म्हणजे खो नसतो. चुकून बी लागतो. मी सांगेन तवाच उठायचं, कळलं?”

धुरपीने मान हलवली. त्यानंतर वस्तादने तिला कधीच काही सांगितलं नाही, आणि तीही कधी उठली नाही.

यंदाचा सामना अलीकडच्या काठावर होता. मैदानाभोवती दोन्ही गावं लोटली होती. आधी पलीकडच्यांनी पाठलाग केला आणि पाच गडी बाद केले. वस्तादच्या कपाळावर आठी पडली. पलीकडच्या पोरांना एक कुंभारीण आजी शिकवायची. तिने काय शिकवलं होतं कोण जाणे, पण तिची नऊच्या नऊ पोरं उठत होती. त्यात एक गुबगुबीत मुलगा होता. चार पावलांत त्याला धाप लागायची, तरी त्यालाही खो मिळाला, तोही उठून धावला, आणि त्याने अलीकडचा एक गडी बादसुद्धा केला. वस्ताद बघतच राहिला. असल्या पोराला कुणी खो देतं का?

मग वस्तादच्या पोरांची पाळी आली. त्यांनी चार गडी झटपट टिपले. बरोबरी झाली तर घंटा जिथे आहे तिथेच राहायची, असा रिवाज होता. म्हणजे फक्त एक गडी हवा होता. पळणाऱ्यांत आता तो गुबगुबीत मुलगा होता. वस्तादला हसू आलं, घंटा आपलीच असं त्याने मनात म्हटलंसुद्धा.

पण तो मुलगा काही सापडेना. धाप लागली की तो रांगेतून निसटून पलीकडे जाई आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राही. प्रत्येक वेळी एकाच जागी. वस्तादने नीट पाहिलं. तो मुलगा धुरपीच्या समोर उभा राहत होता. हाताच्या अंतरावर, अगदी निवांत, झाडाच्या सावलीला उभं राहावं तसा.

वाटीत पाणी काठोकाठ आलं होतं. येसू धुरपीच्या पाठीमागे, मुलगा धुरपीच्या पुढे. पुढच्या गड्याला खो दिला असता, तर तो गडी मुलापाशी पोचेपर्यंत वाटी बुडाली असती. वस्ताद छडी उगारून येसूला ओरडला, “धुरपीला! धुरपीला खो दे!”

येसूने धुरपीच्या पाठीवर थाप मारली. “खो!”

धुरपी उठली नाही.

येसूने पुन्हा थाप मारली, पुन्हा ओरडली. धुरपीने मान वळवून शेजारच्या गड्याकडे पाहिलं. हा का उठत नाहीये, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वस्तादच्या तोंडून आपलं नाव आलं एवढंच तिने ऐकलं होतं, आणि आजवर ते फक्त बोलणी खाताना आलं होतं. म्हणून तिने पाय आणखी घट्ट रोवले.

समोरचा मुलगाही पळायचं विसरला. तो वाकून हळूच म्हणाला, “अगं, तुला खो दिलाय.”

“मला?” धुरपी म्हणाली.

तेवढ्यात वाटी बुडाली.

वस्ताद जागच्या जागी उभा होता. हातातली छडी खाली पडली, तेही त्याला कळलं नाही. लोक आरडाओरडा करू लागले. कुणी म्हणालं पोरगी बहिरी आहे, कुणी म्हणालं पलीकडच्यांनी तिला फितवलं. वस्ताद तरातरा तिच्यापाशी गेला. राग होताच, पण त्याहून जास्त तो चक्रावला होता.

“का उठली न्हाईस?”

धुरपीने त्याच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती म्हणाली, “मला वाटलं, चुकून लागला हात.”

कुंभारीण आजी घंटा न्यायला आली होती. तिने जाता जाता एवढंच म्हटलं, “वस्ताद, तुमच्या रांगेत तिघं उठतच न्हाईत, हे आमच्या पोरांनी दोन वर्सांमागंच हेरलंय. तुम्हाला म्हाईत आसंल, आसं वाटलं आमाला.”

घंटा होडीत बसून पलीकडे गेली. होडी दूर जाईपर्यंत ती हेलकाव्यांनी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद पलीकडच्या टोलांनी जागा झाला आणि तडक मैदानावर गेला. पोरं आली. धुरपीही आली आणि सवयीने आपल्या जागी बसायला निघाली. वस्ताद म्हणाला, “आज तू भाईर उभी ऱ्हा. तुझ्या जागी मी बसतो. बाकीच्यांनी रोज खेळता तसंच खेळायचं. मी हाय म्हणून काही बदलायचं न्हाई.”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली, पण वस्तादपुढे बोलणार कोण. वस्ताद धुरपीच्या चौकोनात उकिडवा बसला आणि चपापला. त्या सहा जणांच्या जागांची माती पायांनी उधळलेली, भुसभुशीत होती. जो उठतो त्याची जागा बदलते. या चौकोनात मात्र दोन टाचांचे दोन खळगे पडले होते, गुळगुळीत आणि कडक. तीन वर्षं एकच पोर एकाच जागी बसली होती, आणि एवढी वर्षं मैदानावर उभं राहून त्याला ते दिसलं नव्हतं.

नेहमीसारखी गावातली धाकटी पोरं पळायला उतरली आणि खेळ सुरू झाला. मागून पावलं येत, धूळ उडे, ‘खो’ कानाशी पडे आणि दुसऱ्याचा असे. थोड्या वेळाने वस्तादचे गुडघे भरून आले. आणखी थोड्या वेळाने आपण खेळात आहोत की खेळ आपल्या भोवतीने चाललाय, हे त्याला उमजेना. एवढ्यात पाठीवर हात पडला. खो! पन्नाशी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा हरखला. फेटा सावरत, धडपडत, तो उठायला लागला.

“तुम्हाला न्हाई, वस्ताद,” येसू धावता धावता म्हणाली. “चुकून लागला.” आणि ती पुढे गेली.

वस्ताद तसाच अर्धवट उठलेला राहिला. मग खाली बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैदानाच्या कडेला धुरपी उभी होती. तिला हसू आलं नव्हतं. उलट तिला त्याची कीव आली असावी, कारण ती जवळ आली आणि समजूत घालावी तसं म्हणाली, “पयल्यांदा तसंच होतं, वस्ताद. मग सवय हुती.”

बारा वर्षं जिंकलेल्या त्या माणसाने पोरांसमोर तोंडावर फेट्याचा शेमला धरला. लाज वाटली म्हणून धरला, आणि ती लपवायचा त्याने फारसा प्रयत्नही केला नाही.

मग तो उठला, धुरपीला तिच्या जागी बसवलं, स्वतः तिच्या मागे गेला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. लगेच काढला नाही. “धुरपे, ह्यो तुलाच हाय,” तो म्हणाला. “खो.”

धुरपी उठली. गडबडीत नको त्या बाजूला धावली, येसूवर आदळली, दोघी मातीत लोळल्या. दोघींना हसू आवरेना. वस्ताद म्हणाला, “उठली न्हवं? बाजू मागनं शिकवू.”

त्या दिवसापासून अलीकडच्या गावात नवा नियम झाला, की नवांतल्या प्रत्येकाच्या पाठीवर खो पडल्याशिवाय कुणालाही दुसरा खो मिळायचा नाही. गावाने कुरकुर केली. काहींनी नवा वस्ताद शोधा असंही सुचवलं. वस्ताद ऐकून घेई आणि मैदानावर जाई.

पुढच्या वर्षी घंटा परत आली का, असं मुलं हमखास विचारतात. नाही आली. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. नंतर कधीतरी आली, पण कोणत्या वर्षी ते आता कुणाला सांगता येत नाही. पलीकडच्या गावाची मात्र तेव्हापासून एक मोठी पंचाईत झाली. धाप लागल्यावर अलीकडच्या रांगेपुढे निवांत उभं राहता येईल, अशी जागाच त्यांना सापडेना.

बोध : ज्याला आपण कधी डाव दिला नाही, त्याने ऐन वेळी आपला डाव वाचवावा अशी अपेक्षा धरू नये.