उघडी बाजू

"...मग पाणी आत आलं कुठून, बुवा?"

सोमगीरबुवा नारळ सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच सांग. घर तुझ्या ताब्यात हाय."

शार्दूल चिडून त्यांच्यासमोर येऊन बसला.

हा शार्दूल इंजिनिअर. नोकरी सोडून पठारावरच्या या मठात आला, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. कामाला वाघ, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. भगवं वस्त्र मिळावं म्हणून त्यानं बुवांना भंडावून सोडलं होतं. शेवटी बुवा म्हणाले, "मोतीगीर ज्या दिवशी कोरड्या खोलीत निजंल, त्या दिवशी देतो."

मोतीगीर म्हणजे बुवांचे गुरुबंधू. म्हातारे, दम्यानं बेजार. त्यांच्या खोलीच्या भिंतींना बारमाही ओल. पठारावर बांधकामाला माणूस टिकत नाही, म्हणून शार्दूलनं कारखान्यातून तयार घरच मागवलं. भिंती, छप्पर, खिडक्या, रंगसुद्धा तिथंच झालेला. घर दोन अर्ध्या भागांत, दोन ट्रेलरांवरून घाट चढून आलं. क्रेननं ते दोन भाग एकमेकांना भिडवले की घर तयार.

पण क्रेन घाटाखाली अडकली, आणि अवकाळी पाऊस काही क्रेनची वाट बघत थांबला नाही.

"छप्पर गळत नाही," शार्दूल म्हणाला. "खिडक्यांतून थेंब नाही. बाहेरून हात लावून बघा, भिंती कोरड्या ठणठणीत. आणि आत फळ्या फुगल्यात! असं होईलच कसं?"

बुवांनी सोललेला नारळ झोळीत टाकला.

"चल बघू. मलाबी नवल वाटाया लागलंय."

घर पाहण्यासारखंच होतं. बाहेरच्या भिंतींवर चहूबाजूंनी निळ्या ताडपत्र्या, दोर ताणून बांधलेल्या, कुठं सुरकुती म्हणून नाही. त्यांच्याखालच्या पांढऱ्या रंगावर पठारावरच्या तांबड्या मातीचा एक शिंतोडा उडालेला नव्हता. आसपासच्या वाड्यांवरची माणसं मुद्दाम बघायला यायची, आणि शार्दूल दर वेळी ताडपत्रीचा कोपरा उचलून रंग दाखवायचा. मी मठातलाच, तरी मीही पाहिला. खरंच छान होता.

बुवा घराभोवती फिरले. लहान पोरासारखे वाकून वाकून बघत होते. एका ठिकाणी भिंतीला नाक लावून वास घेतला. मग दोन भागांच्या मधल्या फटीत आडवे होऊन शिरले. मागोमाग शार्दूल.

फटीत दोन्ही भागांना भिंत नव्हती. तिथं ते एकमेकांना भिडायचे होते. भिंतीच्या जागी पातळ प्लॅस्टिकचा पडदा होता, तोही फाटून फडफडत होता. बुवांनी वर पाहिलं. वर आभाळ.

"ह्यो पडदा?"

"कारखान्याचा. घाटात फाटला. पण बुवा, ही तर आतली बाजू. दोन्ही भाग जोडले की इथं मोतीगीरबाबांची खोली होणार."

"जोडलं?"

"क्रेन आली की जोडू."

"हं..."

बुवा बाहेर आले. पायरीच्या दगडावर नारळ आपटला, सरळ दोन वाट्या झाल्या. पाणी दगडावर सांडलं. दोन्ही वाट्या त्यांनी तिथंच ठेवल्या, खोबरं वर करून, आणि आभाळाकडं बघत बसले. पश्चिमेला पुन्हा काळं व्हायला लागलं होतं.

थोड्या वेळानं म्हणाले, "मुंग्या आल्या बघ. झाक ते."

शार्दूलनं एका वाटीवर दुसरी वाटी पालथी घातली, तोंडाला तोंड लावून.

"आन् करवंटी उघडीच ठेवलीस की रं?"

"करवंटीला काय धाड भरलीय, बुवा? मुंग्या लागतात त्या..."

तो थांबला.

वाट्यांकडं पाहिलं. घराकडं पाहिलं.

 गोठ्याच्या बाजूनं मोतीगीरांचा खोकला ऐकू आला, लांबलेला, मध्येच अडकलेला. पहिल्या पावसानंतर खोलीतली ओल वाढली म्हणून त्यांची खाट गोठ्यात हलवली होती.

शार्दूल उठला. दोर सोडू लागला. जास्तीची एकही ताडपत्री मठात नव्हती. जी काही होती ती पांढऱ्या रंगावर होती. पहिली गाठ सोडताना त्याचा हात रेंगाळला, हे मी पाहिलं. मला त्याची दयाच आली. मग मात्र त्यानं भराभर सगळ्या ओढून काढल्या. आम्ही दोघं-तिघं मदतीला धावलो. दोन्ही उघड्या बाजू झाकल्या, फटीवर छपरापासून छपरापर्यंत ताडपत्री ताणली. शेवटचा दोर बांधेपर्यंत थेंब पडायला लागले.

पाऊस तिरपा आला आणि चिखल उडवत राहिला. पांढऱ्या भिंती कमरेपर्यंत तांबड्या झाल्या. शार्दूलनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. फटीत उभा राहून तो आतल्या फळ्यांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. हात कोरडा निघाला की हसत होता.

यथावकाश क्रेन आली. पहिल्या पावसात फुगलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या, दोन्ही भाग भिडले. ती उघडी बाजू खोलीच्या पोटात गेली आणि दिसेनाशी झाली. घर बघायला आलेली माणसं भिंतींवरचा चिखल बघून हळहळली.

संध्याकाळी मोतीगीर नव्या खोलीत आडवे झाले. भिंतीला तळवा लावून म्हणाले, "ऊब हाय रं." आणि खोकला न येता झोपले.

सकाळी शार्दूल अंघोळ करून बुवांच्या दारात उभा राहिला.

"बुवा, मोतीगीरबाबा निजले. कोरड्या खोलीत."

"व्हय. निजला."

बुवा आत गेले. घडी घातलेलं भगवं वस्त्र घेऊन आले. शार्दूलनं डोळे पुसले, वाकून दोन्ही हात पुढं केले.

बुवांनी वस्त्र त्याच्या हातांवर ठेवलं, पण आपला हात काही काढला नाही.

"घे... आता ह्यानं कुठली बाजू झाकतोस?"