बेटावरून आलेली माती

समुद्रकाठच्या वेलापुरी नगरात राजा अरिंदम राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुमंगल. बेटांवरून जहाजाने पानवेलीची रोपे आणून तो गावोगावच्या पानमळ्यांना देई. सासरी निघालेल्या लेकीची ओटी कोणी झाडून पाहत नाही, तशी रोपाच्या मुळांभोवतीची माती तिथे कोणी झाडत नसे. ही रीत सुमंगलच्या आजोबांनी घालून दिली होती आणि साऱ्या नगराला तिचे कौतुक होते.

मग तो एका नव्या बेटावरून रोपे आणू लागला. तीन वर्षांत पानमळे ओस पडले. संध्याकाळी हिरव्यागार असलेल्या वेलाला सकाळी नुसते देठ उरत. हे डोंगरावरच्या पाड्याचे चेटूक, असे लोकांनी ठरवले. चेटकाला पुरावा लागत नाही, म्हणून ते चटकन पटते. पौर्णिमेच्या आत पाडा उठवावा, अशी राजाज्ञा झाली.

सुमंगलने मळ्यात जाऊन पाने उलटून पाहिली. खाली बोटाएवढी तपकिरी गोगलगाय होती. तशी गोगलगाय या किनाऱ्यावर त्याने कधी पाहिली नव्हती. त्या बेटावर मात्र पाहिली होती. घरी येऊन त्याने एका रोपाची माती फोडली. आत राळ्याच्या दाण्यांएवढी पांढरी अंडी निघाली. त्याला फार लाज वाटली.

धाकटा भाऊ नंदिय म्हणाला, "दादा, गोगलगाय नि पोटात पाय, ते कुणाला दिसतात? इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही, पुढेही येणार नाही. तू गप्प राहा."

"आणि पाड्यातली माणसं कुठे जातील?"



सुमंगलने अंड्यांसकट ते मातीचे ढेकूळ भरसभेत राजापुढे ठेवले. "महाराज, चेटूक कुणी केलेलं नाही. गोगलगाय आपणहून समुद्र ओलांडत नाही. ती मी आणली. तिचाही यात दोष नाही. उरलेली पाचशे रोपं आणि सापडेल ती गोगलगाय मी माझ्या खर्चाने बेटावर परत पोचवीन. पाडा उठवू नका."

राजाने आज्ञा मागे घेतली. दुसऱ्या दिवशी पाड्यातली म्हातारी कळंबी टोपल्या आणि माणसे घेऊन खाली उतरली. ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला हाकलणार होता, तरी आम्ही वेचू लागतो. यानं सभेत स्वतःचं नाव घेतलं, ते आमच्या कानावर आलंय."

गोगलगायींनी भरलेले जहाज निघाले तेव्हा सारे नगर किनाऱ्यावर हसत उभे होते. राजा म्हणाला, "मोठी जहाजं प्रत्येक बंदरात असतात. असा माळी माझ्या नगरात आहे." तेव्हापासून मुळे धुतल्यावाचून एकही रोप वेलापुरीत उतरले नाही. इतर बंदरे आधी हसली, मग तेच करू लागली.

कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तो नंदिय म्हणजे आज विहाराची बाग राखणारा सोणक. कळंबी म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका विशारदा. सुमंगल मीच होतो. त्या जन्मी मी राज्य सोडले नाही की देह दिला नाही. हे माझ्यामुळे झाले, एवढेच बोललो, आणि एक वस्ती आपल्या चुलींपाशी राहिली. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."