एक्केचाळीस इंग्रजी शब्द

एकदा एक तरुणी इंग्रजीची उत्तम पदवी पदरात पाडून सेवाकार्य शिकायला एका वृद्ध गुरुजींकडे आली. गावाबाहेर, नदीच्या वळणावर गुरुजींचा आश्रम होता. ज्यांचे कोणी नाही, किंवा असूनही नाही, अशी म्हातारी माणसे तिथे अखेरचे दिवस काढत. आश्रमात फारसे काही शिकवले जात नसे, हे आधीच सांगून टाकतो. अंग पुसायचे, भरवायचे, चादरी बदलायच्या आणि एक नियम पाळायचा. प्रत्येक खाटेच्या उशाशी खिळ्याला एक वही टांगलेली असे. तापाची आणि औषधांची नोंद वेगळी. या वहीत त्या माणसाचा दिवस कसा गेला, हे रोज एका ओळीत लिहायचे. वहीचा उपयोग काय, हे गुरुजी सांगत नसत आणि शिष्येने विचारलेही नाही.

तिच्या वाट्याला हौसाबाई आल्या. पहिले चार दिवस तिने मन लावून लिहिले. पाचव्या दिवशी मात्र तिला लिहिण्यासारखे काही दिसेना. हौसाबाई सकाळी उठत, खिडकीकडे तोंड करून पडत, दुपारी हळू आवाजात काहीबाही सांगत, संध्याकाळी पेज घेत आणि झोपत. कालही हेच, परवाही हेच. शिष्येने लिहिले, 'रूटीन'.

सहाव्या दिवशी तोच शब्द पुन्हा लिहिताना तिच्यातली पदवीधर दुखावली. म्हणून तिने 'बोअरिंग' लिहिले. मग 'डल', मग 'मोनोटनस', मग 'टीडियस'. पुढे तर तिने चक्क शब्दकोश आणून खाटेशेजारी ठेवला. एकदा वापरलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही, असा तिने पणच केला. 'हमड्रम' सापडला त्या दिवशी स्वारी भलतीच खूश होती. दुपारी हौसाबाई बोलू लागल्या की ही 'हो आजी, हो' म्हणत कोशाची पाने उलटत असे. हुशार माणसाची हुशारी कुठे खर्ची पडेल याचा काही नेम नाही.

असे एक्केचाळीस शब्द झाले आणि एका पहाटे हौसाबाई गेल्या.

पंधरा दिवसांनी आश्रमाच्या दारात एक बाई उभी राहिली. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. ती हौसाबाईंची मुलगी शेवंता. अकरा वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केले, तेव्हा आईने उंबऱ्यातच सांगितले होते, "आजपासनं तू मला मेलीस." त्यानंतर दोघींची भेट नाही. आई आश्रमात आहे आणि गेली, या दोन्ही गोष्टी तिला एकदमच कळल्या होत्या.

"एवढंच सांगा," ती म्हणाली, "शेवटी शेवटी माझं नाव घेतलं का तिनं?"

गुरुजी आत गेले. त्यांनी खिळ्यावरची वही काढून आणली आणि शिष्येच्या हातात दिली. "वाचून दाखव. एकही दिवस गाळू नकोस."

शिष्येला पुढची पाने आठवली. पण तिने वही उघडली.

"'आजींनी माझा हात धरून नाव विचारले,'" तिने पहिली ओळ वाचली.

"व्हय, नाव इचारल्याबिगर तिला चैन पडत न्हवती," शेवंता डोळे पुसत म्हणाली. "म्होरं?"

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी पेजेत मीठ कमी असल्याची तक्रार केली होती. तिसऱ्या दिवशी पाय दुखत होते. चौथ्या दिवशी खिडकीशी आलेल्या मांजरीला त्यांनी हुसकावले होते. शेवंता एकेक ओळ ऐकून मान डोलावत होती, जणू आई समोर बसून बोलते आहे. मग पान उलटले.

"रूटीन," शिष्या म्हणाली. "बोअरिंग. डल."

"मला विंग्रजी येत न्हाई, ताई. मराठीत सांगा की."

"नेहमीसारखा... कंटाळवाणा," शिष्येने सांगितले. पुढच्याला 'नीरस' म्हटले, त्याच्या पुढच्याला 'रटाळ'. त्यानंतर तिच्याकडचे मराठी संपले. कोशातून वेचलेला एकेक देखणा शब्द तिच्या तोंडून 'कंटाळवाणा' होऊन बाहेर पडू लागला. कंटाळवाणा. कंटाळवाणा. तिने केविलवाणेपणाने गुरुजींकडे पाहिले, पण ते जमिनीकडे पाहत होते. शेवंताने मान डोलावणे केव्हाच थांबवले होते.

"रोज दुपारी त्या काहीतरी सांगायच्या," शिष्या वही मिटून म्हणाली.

"काय सांगायची?"

शिष्येने आठवायचा खूप प्रयत्न केला. हलणारे ओठ आठवले. एकही शब्द आठवेना. 'घेतलं नाव, रोज घेत होत्या,' एवढे म्हटले तर ही बाई सुखाने परत जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होते. वाक्य जिभेवर आलेही. पण ज्या माणसाचे दिवस आपण लिहिले नाहीत, त्याचे शब्द आता आपणच रचायचे, या विचाराने ती शरमली.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "त्या बोलत होत्या. मी ऐकत नव्हते."

शेवंताने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. ती नुसते "बरं" म्हणाली. मग आईची खाट कोणती ते विचारून त्या खाटेवर जाऊन बसली आणि पाचच्या गाडीपर्यंत बसून राहिली. ती निघताना शिष्येने वही पुढे केली, तेव्हा तिने हातही लावला नाही. "ह्यात आई कुठं हाय, ताई?" असे म्हणून ती गेली.

शिष्या पायरीवर बसून रडली. गुरुजी शेजारी येऊन बसले.

"तुम्ही मला तिच्यासमोर का वाचायला लावलंत?"

"कारण मी सांगितलं असतं, तर तू त्यालाही एक शब्द शोधला असतास," गुरुजी म्हणाले. "शब्द वाईट नव्हते, पोरी. पण कंटाळा तुला आला होता आणि लिहिलास तू तिच्या नावावर. एक्केचाळीस दिवस त्या वहीत तूच आहेस." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि मीही निर्दोष नाही. वही मी मधे पाहिली होती. म्हटलं, आपोआप उमजेल हिला. तुला उमजेपर्यंत म्हातारी थांबेल, असं मी धरून चाललो. माझी चूक तुझ्याहून मोठी आहे."

दिवस मावळत होता आणि आत कोणीतरी पाणी मागत होते. शिष्या उठली, पाणी देऊन आली. मग तिने हौसाबाईंची वही पुन्हा उघडली. शेवटच्या शब्दाखाली अर्धे पान रिकामे होते. तिथे तिने सावकाश लिहिले:

'आज हौसाबाईंची मुलगी शेवंता आली. आईने आपले नाव घेतले का, असे विचारत होती. पाच वाजेपर्यंत त्यांच्या खाटेवर बसली. जाताना उशी झटकून नीट ठेवून गेली.'