शाळा सुटल्यानंतरची चाल

एकदा एका शिष्याला आपल्या गुरूंचा मनापासून राग आला. गुरू म्हणजे मज्जासंस्थेच्या विकारांचे एक वयोवृद्ध डॉक्टर आणि शिष्य त्यांच्या हाताखाली शिकणारा तरुण. सकाळपासून रुग्ण तपासून तो इतका शिणला होता की रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. तरी राग आलाच.

निमित्त झालं हेमांगीबाईंचं. बाई शाळेत शिकवायच्या. मल्टिपल स्क्लेरोसिस मागे लागून त्यांना आठ वर्षं झाली होती. हा मेला आजारच असा, की पायांत सकाळी असलेलं बळ संध्याकाळी असेलच याची खात्री नाही. बाईंचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. तो तळमजल्यावर मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला, तर शाळेने जिना झेपत नाही असा, चालण्याच्या तपासणीचा दाखला मागितला. दाखला मिळाला नाही, तर नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शिष्याने रीतसर पंचवीस फुटांवर पट्टी चिकटवली, घड्याळ लावलं. बाई ताठ मानेने सहा सेकंदांत चालून गेल्या, वर हसल्यासुद्धा. शिष्याने जड मनाने लिहिलं, ‘चाल समाधानकारक’. आकडाच तसा आला, तो तरी बिचारा काय करणार!

वृद्ध डॉक्टरांनी कागद वाचला आणि सही न करता बाजूला ठेवला. म्हणाले, “बाई, शुक्रवारी या. शाळा सुटली की तशाच, घरी न जाता.”

बाई गेल्यावर शिष्याला राहवेना. “सर, त्यांना पुन्हा हेलपाटा कशाला? आणि तोही दिवसभर दमल्यावर? हे बरं दिसत नाही.”

सरांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

शुक्रवारी साडेपाचला बाई आल्या. सरांनी लांबलचक व्हरांडा दाखवून सांगितलं, “सहा मिनिटं चाला. नको वाटलं की थांबा.” दुसऱ्या मिनिटाला डावं पाऊल फरशीवर घासू लागलं. तिसऱ्या मिनिटाला हात भिंतीकडे गेला. चौथ्याला बाई मटकन बाकावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “माफ करा हं. त्या दिवशी बरी चालले होते. आधी दोन दिवस रजा टाकून झोपून होते ना, तुमच्यापुढे फजिती नको म्हणून.”

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझं घड्याळ खोटं बोललं नाही. पण पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, तशी बाईंनी आपल्यासाठी चाल आवरली होती. आठ वर्षं जो तो विचारतो, ‘कशी आहे तब्येत?’ आणि त्या म्हणतात, ‘बरी आहे.’ तीच सवय घेऊन त्या तुझ्यापुढे चालल्या. त्यांना जिना चढायचा असतो तो मात्र रोज, शेवटच्या तासालासुद्धा. मोजायचं ते तिथलं.”

शिष्याने नवा कागद घेतला आणि पाहिलं ते जसंच्या तसं लिहिलं. सरांनी सही केली. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाल्या, “शाळेत देते हा. घरी मात्र मी अजून चांगलीच चालून दाखवते.”

त्यांना उठता येईपर्यंत शिष्य शेजारी बसून राहिला. पुढे कोणालाही चालायला सांगण्याआधी तो एक प्रश्न विचारू लागला: “आज इथवर यायला जमावं म्हणून काल काय काय सोडून दिलंत?”