लेपावर लेप

एका गावात एक मुखवटा होता, आणि त्या मुखवट्याचा एक राखणदार होता. राखणदाराचं नाव लखमाजी. मुखवटा वाघदेवाचा. दर चैत्रात गावच्या मांडवात देवदेवतांची सोंगं नाचत, आणि सगळ्यांत शेवटी वाघदेव येई. तो मनासारखा नाचला की गावाचं वर्ष सुखाचं जातं, असं सारे मानत. लखमाजीच्या घरातला एक जण मुखवटा बांधून नाचायचा आणि दुसरा ढोल वाजवायचा. हा मान पिढ्यानपिढ्यांचा होता. लखमाजी म्हातारा झाल्यापासून ढोल त्याच्या गळ्यात आला होता आणि मुखवटा त्याच्या मुलाच्या, धर्माच्या डोक्यावर.

या घराण्याची एक रीत होती. उत्सव जवळ आला की मुखवट्यावर नवा लेप चढवायचा. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, वरून रंग. जुना लेप मात्र कधीही खरवडायचा नाही. "बापाच्या हातावर आपला हात," असं लखमाजी म्हणायचा. ऐकायला किती गोड! पण गोड बोलण्याने वजन थोडंच कमी होतं? लेपावर लेप चढत गेले आणि मुखवटा पाट्याएवढा जड झाला. डोळ्यांची भोकं बारीक होत होत बोरीच्या बीएवढी उरली. आणि जबडा तर पूर्ण मिटला होता. वाघ तोंड मिटून का उभा आहे, हे गावात कोणी कधी विचारलं नाही. लोकांनी त्याला तसाच पाहिला होता.

धर्माची बायको चंद्री बांबूकाम करणाऱ्यांच्या घरातली. तिने लग्नानंतरच्या पहिल्याच उत्सवात नवऱ्याच्या मानेवर उठलेले वळ पाहिले. त्यानंतर सवड मिळेल तसं ती काहीतरी विणत बसू लागली. पुढच्या चैत्रात, उत्सवाला काही दिवस असताना, तिने ते मांडवात आणून ठेवलं. बांबूच्या कांबींचा वाघ होता तो, वर रंगवलेलं कापड. डोळे मोठे. जबडा दोरीवर हलणारा. धर्माने तो तोंडावर बांधला आणि आतून देवाचं गाणं म्हटलं. वाघाचा जबडा हलला, गाणं स्पष्ट ऐकू आलं. आजवर वाघदेव मुकाच नाचत असे. पोरं आनंदाने किंचाळली. बायका पुढे सरकल्या. काही म्हाताऱ्यांनी मात्र तोंडं फिरवली.

"मामंजी," चंद्री म्हणाली, "जुना देव देव्हाऱ्यात ऱ्हाऊ द्या. त्याची पूजा करू. नाचाया ह्यो घेऊ."

"आबा, गेल्या साली मला आतून काय बी दिसत नव्हतं," धर्मा म्हणाला. "नुसत्या ढोलाच्या मागं नाचलो. दम कोंडला पार."

"तुझा आजा नाचला, मी नाचलो," लखमाजी म्हणाला. "आमाला काय चार नाकं व्हती?"

खरं सांगायचं तर तरुणपणी लखमाजीचाही दम कोंडला होता. एकदा तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला होता. पण ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि हळूहळू स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं होतं. आता त्याच्या मनात वेगळंच शिरलं. काल आलेल्या सुनेने चार कांबींचा वाघ करावा आणि गावाने टाळ्या वाजवाव्यात! मग राखणदार कशाचा आणि त्याचा मान कशाचा? देवाचं नाव पुढे करून माणूस स्वतःचीच गादी राखत असतो, तसंच त्याचं झालं. त्याने तो बांबूचा मुखवटा खाली आपटला आणि पायाने चेचला. चंद्री मोडक्या कांबी गोळा करू लागली. धर्माने मान खाली घातली. बापाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला असता तर फार बरं झालं असतं.

त्या वर्षी लखमाजीने मुद्दाम जाडजूड लेप दिला. उरलेसुरले डोळेही बुजत आले.

उत्सवाच्या दिवशी दिवेलागणीला सोंगं संपत आली. धर्माच्या डोक्याला मुंडासं गुंडाळून त्यावर मुखवटा आवळून बांधला. गाठ पाठीमागे, त्याच्या स्वतःच्या हाताला न येणारी. कारण गावाचा दंडक होता, ढोल वाजतो आहे तोवर वाघदेवाला कोणी हात लावायचा नाही आणि देवाने मुखवटा उतरवायचा नाही. ढोल थांबला की देव गेला. थांबवायचा अधिकार एकट्या ढोलवाल्याचा.

धर्मा नाचू लागला. पहिला फेरा छान झाला. दुसऱ्या फेऱ्यात त्याची पावलं अडखळली. नंतर तो गर्रकन फिरला, गुडघ्यांवर आला, पुन्हा उठला. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दोन्ही हातांनी तो मुखवटा ओरबाडू लागला.

"वाघ आला!" कोणीतरी ओरडलं. "अंगात आला वाघ!"

सारं गाव हात जोडून उभं राहिलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. लखमाजीच्या अंगावर काटा आला. त्याच्या मुलाच्या अंगात प्रत्यक्ष देव आला होता! सुनेला आणि सगळ्या जगाला याहून मोठं उत्तर कोणतं असणार? त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तो दुप्पट जोराने ढोल बडवू लागला.

"मामंजी, ढोल थांबवा!" चंद्री गर्दीतून ओरडत पुढे आली. बायकांनी तिला धरून ठेवलं. "देव न्हाई ओ त्यो! दम कोंडलाय त्यांचा!"

लखमाजीने ते ऐकलं. नीट ऐकलं. तिच्या मनात तो मोडका मुखवटा सलतो आहे, असं म्हणून त्याने मान वळवली. धर्मा चाचपडत ढोलाच्या आवाजाकडे आला. बापाच्या पुढ्यात येऊन त्याने दोन्ही हात पुढे केले. देव आपल्याला आशीर्वाद देतो आहे, असं वाटून लखमाजीने वाकून नमस्कार केला आणि टिपरी पुन्हा ढोलावर घातली.

धर्मा त्याच्या पायाशी कोसळला आणि उठला नाही. गाठ सोडायला वेळ लागला. मुखवटा निघाला तेव्हा आत श्वास उरला नव्हता.

गावाने त्याचा मोठा गौरव केला. पाटील म्हणाले, "लखमाजी, देवानं तुजा पोरगा मागून नेला. असं भाग्य कुनाला भेटतं? पुढल्या साली मुखवट्यावर धर्माच्या नावाचा लेप देऊ." लोक लखमाजीच्या पाया पडू लागले. दारात नारळ येऊ लागले. त्या खोट्यात फार मोठी ऊब होती, आणि म्हातारा काही दिवस त्या उबेला बसलाही. पण डोळे मिटले की ते पुढे आलेले दोन हात दिसत. आशीर्वाद देणारा हात असा थरथरत नाही, हे त्यालाही कळत होतं.

एका सकाळी तो मुखवटा घेऊन ओढ्यावर गेला. पाण्यात फेकून द्यावा, एवढंच मनात होतं. पण मुखवटा दगडात अडकला आणि भिजून फुगला. लखमाजीने हात घातला तर लेप सुटून आला. त्याचा स्वतःचा लेप होता तो. त्याखाली बापाचा, त्याखाली आजाचा, त्याखाली नावंही माहीत नसलेल्यांचा. तो वेड्यासारखा ओरबाडत राहिला. शेवटी हातात राहिलं पांगाऱ्याच्या लाकडाचं एक पातळ, हलकं तोंड. डोळे मोठे कोरलेले होते. जबडा पूर्ण उघडा होता, आतल्या माणसाला श्वास घेता यावा आणि गाता यावं म्हणून. ज्या पहिल्या माणसाने तो घडवला, त्याच्या आधी असा मुखवटा गावात नव्हता. त्यानेही कधीतरी नवंच काहीतरी केलं होतं.

लखमाजी तसाच ओल्या अंगाने गावात गेला. पारावर पाटील आणि चार माणसं बसली होती.

"देव न्हवता आला," तो म्हणाला. "माजा ल्योक वारा मागत व्हता. आन् मी ढोल बडवत व्हतो."

"दुःखानं डोकं फिरलंय तुजं. घरी जा," पाटील म्हणाले. देवाने नेलेला माणूस गावाला हवा होता, बापाने मारलेला नको होता.

तो घरी गेला. चंद्री चुलीपुढे बसली होती. त्याने ते लाकडाचं तोंड तिच्यापुढे ठेवलं. "पोरी, तुजंच खरं व्हतं. मूळचा वाघ असाच व्हता, तुज्या वाघासारखा."

चंद्रीने तो मुखवटा हातात घेतला, उघड्या जबड्यातून बोटं फिरवली. मग म्हणाली, "आन् मूळचा असा नसता, मामंजी, तर माजं खोटं ठरलं असतं का?"

 तिने मुखवटा त्याच्यापुढे ठेवला आणि संध्याकाळच्या आत ती माहेरी निघून गेली. तो तिला अडवू शकला नाही.

पुढच्या चैत्रात गावाने नवा मुखवटा करवून घेतला, जड आणि तोंड मिटलेला. जुना जसा लोकांच्या डोळ्यांपुढे होता, अगदी तसाच. लखमाजीच्या पुतण्याने तो बांधला. ढोल दुसऱ्याच्या गळ्यात गेला. पुढे दर वर्षी नाच सुरू झाला की लखमाजी दंडक मोडून मध्ये शिरायचा, नाचणाऱ्याच्या कानाशी तोंड न्यायचा आणि विचारायचा, "श्वास येतोय ना रं, बाळा?" लोक त्याला दंडाला धरून बाहेर नेत. म्हणत, म्हाताऱ्याला वेड लागलंय. आणि ढोल चालूच राही.

तात्पर्य: परंपरा आतल्या माणसाच्या श्वासावर जगते. नव्याला वाट देण्यासाठी जुन्याची साक्ष मागत बसू नये. ती मिळेपर्यंत माणूस हातचा गेलेला असतो.