काढलेले पाटे

विषय : वडिलोपार्जित पिकअप गाडीस नवे ब्रेक व भक्कम मागचा ॲक्सल बसवण्याबाबत.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, एकदा एक चिऱ्यांचा व्यापारी आपल्या वडिलांच्या काळातील पिकअप घेऊन एका वृद्ध मिस्त्रींच्या गॅरेजात आला. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, खाणीत जांभ्याचे चिरे भरायचे आणि अवघड घाटी उतरून खाडीकाठच्या गावांत पोचवायचे, हे त्या गाडीचे आयुष्य. शेठजींची गाडीवर अपार भक्ती होती. दसऱ्याला ते तिला हार घालत, रोज सकाळी नमस्कार करत, आणि मग पेलवेल त्याहून जास्त भरत. आपण दैवताला जे जे करतो, ते सारे ते तिला करत.

"आबा, ब्रेक डिस्कचे घाला. आणि मागचा ॲक्सल असा घाला, की डोंगर ठेवला तरी वाकता कामा नये."

"डोंगर ठेवणार आहात, की चिरे?" मिस्त्रींनी विचारले.

"चिरेच हो. डोंगराला गिऱ्हाईक कुठे आहे?"

आबांच्या हाताखाली एक शिष्य होता, तिशी उलटलेला, हाताचा चांगला. त्याने हे काम जीव ओतून केले, कारण ती गाडी चालवणारा त्याच्या बहिणीचा नवरा होता. जुने ब्रेक उतारावर दगा देत, आणि भावोजी घरी येईपर्यंत बहिणीच्या घशाखाली घास उतरत नसे. नवे ब्रेक बसले, ॲक्सल बसला, आणि आता बहीण वेळेवर जेवेल असे शिष्याला वाटले.

मग आबांनी एक विचित्र गोष्ट केली. मागच्या चाकांवर भार झेलायला पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. शेठजींनी तिथे पूर्वीच जादा पाटे घालून घेतले होते. आबांनी ते सगळे काढून कोपऱ्यात टाकले.

"आबा, ॲक्सल घातला हत्तीचा आणि पाटे ठेवले शेळीचे?" शिष्याने विचारले.

"कळेल," आबा म्हणाले.

ज्ञानी माणसांना ही एक खोड असते. करायचे ते वेळेवर करतात. सांगायचे ते सवडीने सांगतात.

परिणाम लगेच दिसला. नेहमीसारखे जादा चिरे चढले की गाडी मागे बसे, हौदा चाकाला घासे आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा कर्कश आवाज होई. टपरीवरची मंडळी ओरडत, "शेठ, म्हातारी बसली! दोघे धरून उठवा तिला!" शेठजींना हे हसे फार झोंबले. ही कुरकुर थांबली नाही तर गणपतीनंतर दुसरा माणूस बघतो, असे त्यांनी ड्रायव्हरला बजावले.

आबा एका लग्नाला गेले होते, तेव्हा भावोजी गॅरेजात आले.

"मेव्हण्या, तेवढे पाटे परत चढव."

"आबांनी काढलेत, भावोजी."

"आबांना सांगतोय कोण? ब्रेक तूच बसवलेस ना? मग स्वतःच्या कामावर विश्वास नाही?" भावोजी हसले. "लग्नात तुम्ही दिलेलं घड्याळ तर सत्यनारायणालाच बंद पडलं. आता पाटे तरी दे."

शिष्याने पाटे चढवले. घासणे थांबले. कितीही भरा, गाडी ताठ उभी राहू लागली. शेठजी प्रसन्न झाले आणि त्यांनी वर आणखी एक थर वाढवला.

त्याच महिन्यात घाटीच्या शेवटच्या वळणावर गाडी सरळ गेली. रस्ता वळला होता.

ब्रेक तुटले नव्हते. उतारभर दाबून दाबून ते इतके तापले होते, की धरायचेच विसरले. ॲक्सलला ओरखडासुद्धा नव्हता. भावोजींना बाहेर काढण्यासाठी आधी चिरे उतरवावे लागले, आणि त्याला फार वेळ लागला, कारण चिरे फार होते.

तेराव्यानंतर शिष्य कामावर आला, पण हत्याराला हात लावेना.

"आबा, माझ्या ब्रेकमध्ये चूक नव्हती. पण पाटे मी चढवले."

आबा म्हणाले, "ब्रेक ठरलेल्या वजनालाच थांबवतात. वजन त्याहून जास्त झालं, हे ब्रेक आधी सांगत नाहीत, ॲक्सलही सांगत नाही. ते पाटे सांगतात. गाडी बसते, घासते, लोक हसतात, आणि मालक दयेने नाही तरी लाजेने चिरे उतरवतो. तिला आपण बळ दिलं, म्हणून तिचं कण्हणं मी राखून ठेवलं होतं. जो कण्हत नाही ना, त्याच्यावर माणसं भरतच जातात."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

दृष्टांतात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

पुढे शेठजींनी गाडी सरळ करून घेतली आणि नवा ड्रायव्हर बरोबर घेऊन ते पुन्हा आले. "आबा, आता याहून मोठे ब्रेक घाला."

आबा उठायच्या आत शिष्य उठला. ड्रायव्हरला त्याने मागच्या चाकाशी उकिडवे बसवले, पाट्यांवर बोट ठेवले आणि शेठजींच्या देखत सगळे सांगितले. "हे मला काढू दे. गाडी घासेल, लोक हसतील, हसू देत. घासली की चिरे उतरव. मालक उतरवू देत नसेल, तर तू उतर."

ड्रायव्हरने सगळे ऐकून घेतले, एकदा शेठजींकडे पाहिले आणि मान खाली घातली.

आबांनी शिष्याला त्यावर काही समजावले नाही. समजावण्यासारखे काही उरले नव्हते.

शेठजींनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. मोठे ब्रेक, जाड ॲक्सल व जादा पाटे या फेरबदलांस मंजुरी मिळावी, असा त्यांचा अर्ज संबंधित कार्यालयात दाखल आहे. अर्ज प्रलंबित आहे. गाडी चालू आहे.